मधली सोळा पानं

शाळेत तिला भिंगरी म्हणत. तोंडावर अर्थातच बाई. पण पाठ वळली की भिंगरी, आणि तिची पाठ सारखीच वळत असल्यामुळे हे नाव दिवसभर तिच्या कानावर पडे. लायब्ररीच्या टेबलामागे एक बरी खुर्ची होती, हातांची, गादी घातलेली. तिच्यावर परत आलेली पुस्तकं बसत. ती स्वतः कपाटापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, दारातून व्हरांड्यात. आणि व्हरांड्यात एखादा मुलगा रिकाम्या हातानं दिसलाच, तर त्याच्या मागे. "काय वाचतोयस सध्या?" हा प्रश्न चुकवण्यासाठी मुलं पाण्याच्या टाकीकडून वळसा घालून वर्गात जात.

खोली मूळची प्रयोगशाळेची. दगडी ओट्यावर ॲसिडचे पांढरे डाग होते, नळांची तोंडं बंद केलेली होती, आणि बेसिनमध्ये आता जुनी मासिकं उभी केलेली असत. तिच्या आधीचे ग्रंथपाल फार शिस्तीचे. जुने शिक्षक अजून त्यांना कुलूपमास्तर म्हणतात. त्यांच्या काळात एकही पुस्तक हरवलं नाही, कारण एकही बाहेर पडलं नाही. ते निवृत्त झाले आणि हिला तात्पुरतं बोलावण्यात आलं. आल्याआल्या पहिल्या आठवड्यात तिनं कपाटांची कुलपं काढून शिपायाच्या हवाली केली. तात्पुरती म्हणून आलेली ती वर्षानुवर्षं तात्पुरतीच राहिली. दर वर्षी हंगामी नेमणुकीचा कागद यायचा, आणि तो येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागायचा.

या वर्षी मात्र चिन्हं बरी होती. मुख्याध्यापिका, म्हणजे शाळेच्या भाषेत मोठ्या बाई, यांनी तिच्यासाठी बरेच उंबरे झिजवले होते. शाळांमधल्या वाचनाची पाहणी करणारी एक समिती येणार होती. तिनं चांगला शेरा दिला, तर भिंगरी कायम होणार होती.

"कायम झालीस तरी त्या खुर्चीला तुझी ओळख पटायची नाही," नवरा म्हणाला. तो घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून दिवसभर एका जागी बसायचा, इतका निश्चल, की कधीकधी गिऱ्हाईक दुकानात कुणी नाही असं समजून परत जाई. दोघांचं कसं जमलं, याचं दोन्ही घरांना अजून नवल वाटतं.

समितीला दाखवायला तिच्याकडे एक नवी गोष्ट होती. सातवीच्या सगळ्या वर्गाला तिनं एकाच पुस्तकाची एकेक प्रत दिली होती. सगळ्यांनी एकच पुस्तक एकाच वेळी वाचायचं आणि मग त्यावर बोलायचं. पुस्तक डोंगरातल्या एका रोपवेवर काम करणाऱ्या माणसाचं आणि त्याच्या दोन मुलांचं. अर्ध्या वाटेत पाळणा अडकतो, आत माणसं असतात, आणि बाप तारेवर चढतो. मुलांनी प्रती नेल्या, वेळेत परत आणल्या. वर्गशिक्षकांनी चर्चा घेतली. एकूणएक मुलांनी "छान होतं" असं सांगितलं. मोठ्या बाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, "समितीसमोर दहा मिनिटं यावरच बोल."

बोलायची तयारी करायला म्हणून तिनं एक प्रत घरी नेली आणि गॅसवर दूध ठेवून, ओट्याला टेकून, वाचायला लागली. अठ्ठेचाळिसाव्या पानावर बाप तारेवर चढला. तिनं पान उलटलं, तर समोर तेहेतिसावं पान. तीच सकाळ, तीच न्याहारी, तोच मुलगा बूट शोधतोय. ती पुढे पुढे उलटत गेली. सोळा पानं पुन्हा तीच, आणि त्यानंतर एकदम पासष्टावं पान: बाप घरी, दोन्ही हातांना पट्ट्या, आणि मुलानं बापाशी अबोला धरलेला. का धरला, ते कुठंच नाही.

दूध उतू गेलं. तिनं गॅस बंद केला आणि ओटा तसाच सोडून ती बाहेर पडली.

तिचे वडील बाइंडर होते. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, त्याची घडी घातली की एक फर्मा होतो, आणि असे फर्मे एकावर एक रचून पुस्तक शिवतात. हे तिला अक्षरं येण्याच्या आधीपासून माहीत होतं. फर्मे उचलणाऱ्या माणसाचा हात एका गठ्ठ्यावर दोनदा पडला की नेमकं असंच होतं. लहानपणी या कामात तिचा हात दोनदा पडला की वडील टपली मारत. आता या पुस्तकांवर तिनं स्वतः शिक्के मारले होते, क्रमांक घातले होते, प्लॅस्टिकची कव्हरं चढवली होती. पहिली तीसेक पानं वाचली होती, शेवट चाळला होता. मधे डोकावायचं तिला सुचलं नव्हतं.

शाळा बंद व्हायला आली होती. तिनं शिपायाकडून किल्ली घेतली आणि सगळ्या प्रती ओट्यावर मांडल्या. एकजात सगळ्या तशाच.

म्हणजे अख्ख्या सातवीनं हे पुस्तक नेलं, ठेवलं आणि परत आणलं. एकाही पोरानं येऊन म्हटलं नाही, की बाई, हे काय? वाचणाऱ्याला हे खटकल्याशिवाय राहणं शक्यच नव्हतं. त्याअर्थी वाचलंच नव्हतं कुणी. ती खिडकीपाशी गेली, परत आली, प्रतींचा ढीग उगाच सरळ केला, पुन्हा मोडला. इतकी वर्षं आपण काय वाटतोय, पुस्तकं की विटा? समितीला दहा मिनिटं काय सांगणार?

मग एका प्रतीत तिला पुसलेली पेन्सिल दिसली. अठ्ठेचाळिसाव्या पानाच्या तळाशी, खोडरबरानं घासून कागद खरखरीत झालेला. तिनं पुस्तक उजेडाकडे तिरकं धरलं. एक बाण होता, आणि पुढे लिहिलेलं: इथून सरळ ६५.

निदान एकानं तरी वाचलं होतं. पण वाचलं, कळलं, आणि लिहिलेलं पुसूनही टाकलं? हे तिला आणखीच सतावायला लागलं.

तिची मुलगी सातवीतच होती. जेवायला बसल्यावर आईनं शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "त्या रोपवेच्या पुस्तकात बाप वर चढतो ना गं, पुढे काय होतं?"

लेकीनं मान वर न करता घडाघडा सांगितलं. बाप तारेवरून सरकत पाळण्यापर्यंत जातो. हात सोलवटतात. पाळण्यातल्या माणसांना दोरीनं खाली सोडतो. मग कळतं, की यंत्र बिघडलेलंच नव्हतं. मुलानं गंमत म्हणून खटका ओढला होता. बाप मालकाला सांगतो, चूक माझी. आणि मुलगा शरमेनं बापाशी बोलेनासा होतो.

आई ऐकत राहिली. गोष्ट चांगलीच होती.

"कुठल्या पानावर आहे हे?"

लेकीचा घास हातातच राहिला. नवऱ्यानं एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ताट थोडं आपल्याकडे ओढून घेतलं.

"आई, तू वाचलंस का ते?" लेकीनं दबक्या आवाजात विचारलं.

"आज वाचलं."

"आज?"

"हो, आज. आता तू बोल."

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या दोन दिवसांतच वर्गात बोभाटा झाला होता. पानं नाहीत, हे वाचणाऱ्यांना कळलं आणि त्यांनी न वाचणाऱ्यांना सांगितलं. जो तो आधी आपलंच पुस्तक फाटकं निघालं असं समजून हादरला. मग सगळ्यांचीच तशी निघाली, तर आणखी हादरले.

"अगं, पण मग मला सांगायचं ना!"

"कसं सांगायचं? तुझ्या पाटीवर काय लिहिलंय माहितीये ना?"

तिला माहीत होतं. कपाटं उघडी केल्यावर पहिल्या वर्षी मुलांनी ब्लेडनं देवमासे कापून नेले होते, ज्वालामुखी कापून नेले होते, एका विश्वकोशातून तर सगळे झेंडे गेले होते. विचारलं की प्रत्येकाचं एकच उत्तर: बाई, आधीपासूनच तसं होतं. शेवटी तिनं नियम केला. पुस्तकात पान कमी सापडलं, की सहामाही संपेपर्यंत कार्ड जप्त, सुनावणी नाही. आणि ओट्यावरच्या भिंतीला पाटी लावली: 'आधीपासूनच तसं होतं' हे उत्तर येथे चालत नाही. पाटीवर शिक्षकही हसले होते. फाटाफाट थांबली होती. आपल्या या नियमाचा तिला अभिमान होता.

"रेडिओ म्हणाली, सगळ्यांची कार्डं जातील," लेक सांगत होती. रेडिओ म्हणजे तिच्या वर्गातली एक मुलगी. बोलायला लागली की बंद करायचं बटण नाही. "मग तिनंच मधल्या सुट्टीत सोळा पानं सांगितली. म्हणजे बनवून. सरांनी विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एक यायला पाहिजे ना! पण मुलांना ते पटलं नाही. ते म्हणतात, बापानंच चाकाला तेल घातलं नव्हतं, मुलानं ते बघितलं होतं, म्हणून तो चिडलाय. आठवडाभर भांडणं चालली होती. सरांनी काही विचारलंच नाही. फक्त आवडलं का, एवढंच."

"आणि तू? तू घरातली. मला एका शब्दानं बोलली नाहीस."

"घरी तू आई असतेस की लायब्ररी, ते मला कधी कळतच नाही," लेक म्हणाली. "आणि सांगितलं असतं, तर वर्गात कुणी मला उभं केलं नसतं."

नवऱ्यानं तेवढ्यात तोंड उघडलं. "मी घड्याळ उघडून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही."

"तुम्ही जेवा."

रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. मुलं वाचत होती. नुसती वाचत नव्हती, त्यावर भांडत होती. इतकी वर्षं तिला हेच हवं होतं, आणि ते घडलं होतं तिच्यापासून लपून, तिच्याच धाकानं.

सकाळी ती तडक मोठ्या बाईंकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"समिती उद्या येतेय. आणि तू हे मला आज सांगतेस."

"मला काल कळलं."

"मुलांनी वाचलंय, एवढं खरं ना? मग तेवढंच सांगू. ती पुस्तकं आत ठेव, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं लाव. बाकीचं घरचं आहे, घरात ठेवू."

"मुलांना निदान सांगते, की कार्डं जाणार नाहीत म्हणून."

"आज काहीही सांगू नकोस. एकदा सांगितलंस की गावभर होईल, आणि उद्या कुणीतरी पोर समितीसमोरच बरळेल. समिती जाऊ दे, मग सांग काय सांगायचं ते." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "पुन्हा पुन्हा तुझ्यासाठी त्यांच्या दारात उभं राहण्याचं बळ माझ्यात नाही गं."

ती हो म्हणाली. तिला पटलं म्हणून नव्हे. त्यांचा चेहरा बघून नाही म्हणवेना. प्रती तिनं मागच्या कपाटात ठेवल्या, चित्रं लावली. दिवसभरात सातवीच्या वर्गावरून ती चार वेळा गेली, आणि चारही वेळा आत न जाता परत फिरली.

समितीत तिघं होते, पण बोलणाऱ्या एकच: एक वयस्क बाई, पायात कापडी बूट, चाल भिंगरीलाही मागे टाकेल अशी. सातवीचा वर्ग ओट्याभोवती बाकांवर बसला होता. भिंगरी उभी राहून बोलायला लागली. बोलणं तिसऱ्या मिनिटाला पोहोचलं असेल, तोवर पाहुण्या बाई उठून खोलीत हिंडायलाही लागल्या होत्या. त्यांनी मासिकं चाळली, चित्रं पाहिली, आणि मागचं कपाट उघडलं. ते उघडणारच होतं. त्याची कुलपं काढून किती वर्षं झाली होती.

"हेच का ते पुस्तक?" त्यांनी एक प्रत काढली. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. "कोण सांगतंय? बाप तारेवर चढतो, मग?"

सगळ्या माना एका दिशेला वळल्या. रेडिओ उठली. सुरुवातीला आवाज कापत होता, पण गोष्टच अशी होती, की ती पाळण्यापर्यंत पोहोचता पोहोचता तिला कुणाचंच भान उरलं नाही. तिनं दोरी सोडली, माणसं उतरवली, खटका ओढल्याचं सांगितलं.

"खोटं आहे!" मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला. "त्याच्या बापानं तेलच घातलं नव्हतं!"

"गप रे! मग बाप चूक कबूल का करेल?"

"त्याचीच असते म्हणून!"

"मग पट्ट्या कसल्या? हात कसले सोलवटले?"

वर्ग दोन्हीकडून तुटून पडला. भिंगरीच्या लेकीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. पाहुण्या बाई हसत होत्या. सोबतच्या दोघांना त्यांनी हातानं खूण केली, ऐका म्हणून. मोठ्या बाईंनी खिडकीतून मान आत वळवली. एवढ्यावर भागलं असतं.

"छान! वाद असेल तर पुस्तकच सांगेल," पाहुण्या बाई म्हणाल्या आणि प्रत उघडली. "कुठल्या पानावर आहे, बेटा?"

रेडिओचं बटण सापडलं. ती एकदम बंद झाली. पाहुण्या बाईंनी स्वतःच पानं उलटली, थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. "हे काय? तेहेतीस?"

"आम्ही नाही फाडलं!" मघाचाच मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला. "शप्पथ, बाई, आधीपासूनच तसं होतं!"

पोरं पाहुण्यांकडे बघतच नव्हती. सगळे डोळे भिंगरीवर होते, आणि त्या डोळ्यांत शिक्षा ठरून गेलेली होती.

"तो खरं बोलतोय," ती म्हणाली. "आधीपासूनच तसं होतं. सगळ्याच प्रतींत. मधली सोळा पानं आलीच नाहीत. पहिल्या दोन दिवसांतच मुलांच्या लक्षात आलं, मला परवा कळलं. त्यांनी मला सांगितलं नाही, कारण पान कमी सापडलं की कार्ड जप्त, असा माझा नियम आहे. आता ऐकलीत ती गोष्ट त्यांनी बनवलेली आहे. दोन्ही गोष्टी."

"आणि तुम्ही? वाटण्यापूर्वी वाचलं नव्हतं?"

"पहिली तीसेक पानं. उभ्या उभ्या."

"उभ्या उभ्या का?"

"मला बसवत नाही."

कुणीतरी फिसकन हसलं आणि शेजाऱ्यानं त्याला कोपर मारलं. पाहुण्या बाईंनी पुस्तक मिटलं आणि वहीत काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं. मागच्या बाकावरचा मुलगा अजून उभाच होता.

"बाई, मग कार्ड?"

"कुणाचंही जाणार नाही. तो नियम आजपासून नाही. बस खाली."

पुढचे काही दिवस मोठ्या बाई तिच्याशी कामापुरतंच बोलल्या. भिंगरीला बोलायलाही फुरसत नव्हती. पाटी उतरल्याची बातमी पसरली, तशी मुलं दप्तरातून, घरच्या माळ्यावरून, गाद्यांखालून पुस्तकं काढून आणायला लागली: भिजलेली, कव्हर निखळलेली, धाकट्या भावानं चावलेली, आठवीतल्या एकीनं तर दोन वर्षं लपवून ठेवलेलं. एकेक जण पुस्तक ओट्यावर ठेवून काय झालं ते सांगे. काही उघड उघड थापा होत्या. त्याही तिनं ऐकून घेतल्या. खळ आणि कात्री घेऊन ती पानं चिकटवत राहिली, आणि हे असंच चाललं तर सहामाहीत अर्धी कपाटं मोडीत निघतील, या धास्तीनं अधूनमधून पाटी कुठं ठेवलीय ते बघून येऊ लागली.

प्रकाशकाकडून बदली प्रती आल्या. या वेळी तिनं एक प्रत अथपासून इतिपर्यंत वाचली, मगच वाटल्या.

मोठ्या बाई लायब्ररीच्या दारात आल्या, तेव्हा आत सातवी होती आणि आतला आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत पोहोचत होता.

"समितीचं आलंय," त्या म्हणाल्या. "अजून एक वर्ष हंगामी. शेरा असा आहे, मुलांचा सहभाग उत्तम; ग्रंथपालांनी पुस्तके देण्यापूर्वी तपासावीत. पहिलं वाक्य शाळेचं, दुसरं तुझं."

भिंगरीनं मान हलवली. थोडा वेळ ती खरोखरच एका जागी उभी होती.

"पुढच्या वर्षी पुन्हा बोलाल त्यांच्याशी?" तिनं विचारलं.

"बोलेन. शिव्या घालत बोलेन. आत काय मासळीबाजार भरलाय?"

"मधली पानं वाचली त्यांनी आज."

"मग आता भांडण कसलं? काय होतं त्यात?"

"मुलाला न सांगता बाप एकटाच वर गेला, म्हणून मुलगा रुसतो. एवढंच आहे."

"बरं आहे की."

"त्यांना नाही पटलं."

तेवढ्यात रेडिओ बाकांवरून वाट काढत दारापाशी आली. मोठ्या बाईंना पाहून ती क्षणभर चपापली, पण मागून पोरं ढकलत होती.

"बाई, लेखकाचा पत्ता आहे का आपल्याकडे?"

"कशाला?"

"त्यानं घाई केलीय. असा कुणी एका ओळीत रुसतो का?"

"प्रकाशकाचा आहे," भिंगरी म्हणाली आणि पत्ता शोधायला आत गेली. मोठ्या बाई कागद हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. मागच्या बाकावरचा तो मुलगा त्यांना बाजूला व्हायला सांगावं की नाही, या विचारात त्यांच्यासमोर ताटकळला होता. त्यालाही पत्रात काहीतरी घालायचं होतं.